मरताना केलेला पश्चात्ताप देवाला चालतो का?

हो, चालतो. ख्रिस्ती विश्वासाप्रमाणे माणूस अगदी शेवटच्या श्वासाला जरी मनापासून देवाकडे वळला, तरी त्याचं तारण होतं, म्हणजे पापातून सुटका होते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, कुठल्याही मोठ्या परंपरेत याला नकार नाही. पण तुम्ही जो प्रसंग सांगितलात, त्याला एवढं उत्तर पुरत नाही.

तुम्ही लिहिलंत की सोलापुरात एका ओळखीच्या सावकाराच्या दफनविधीला गेला होतात. पाळकसाहेब म्हणाले, शेवटच्या आठवड्यात त्यांनी आपली पापं कबूल केली, आता ते प्रभूजवळ आहेत. आणि ज्या विणकर कुटुंबाचं घर त्यांनी व्याजापोटी गिळलं, ते कुटुंब मागे उभं राहून हे ऐकत होतं. ‘करून करून भागले आणि देवपूजेला लागले, यालाच तुम्ही तारण म्हणता का?’ असं तुम्ही विचारलंत. तुमचा राग रास्त आहे. पवित्र शास्त्रही त्या रागाच्या बाजूने बरंच बोलतं, ते पुढे येईलच.

आधी मूळ शिकवण. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं. ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये. त्यामुळे सावकाराच्या आठवडाभराच्या अश्रूंनी त्याचं तारण होत नाही, तसं माझ्या आयुष्यभराच्या चांगुलपणानेही माझं होत नाही. दोघंही एकाच रांगेत, दोघांचेही हात रिकामे. सज्जन माणसाला हे फार लागतं. पण दुष्टांची यादी माणसांनी करायची ठरवली की काय होतं, ते सोलापूरकरांना सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून आपल्या गावात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. १९५२ साली तो कायदा गेला, भागाचं नाव सेटलमेंट राहिलं. त्याच काळात व्याजावर व्याज चढवणारे लोक समाजात प्रतिष्ठित म्हणून वावरत होते.

आता वधस्तंभावरचा चोर. या विषयात सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात, पण त्याची गोष्ट सावकाश वाचायला हवी. शुभवर्तमानं लिहिणारे मत्तय आणि मार्क सांगतात की येशूबरोबर खिळलेले दोघंही त्याची निंदा करत होते. त्यातला एक बदलला, हे फक्त लूकने नोंदवलं आहे (अध्याय २३). दुसरा म्हणत होता, तू ख्रिस्त आहेस ना, मग स्वतःला वाचव आणि आम्हालाही वाचव. त्याला खाली उतरायचं होतं. या पहिल्याने मात्र सोबत्याला दटावलं, आपल्याला मिळालेली शिक्षा आपल्या कर्माची आहे असं चारचौघांत मान्य केलं, येशू निर्दोष आहे हे सांगितलं आणि एवढंच मागितलं की तू राजा होशील तेव्हा माझी आठवण ठेव. शिक्षेतून सुटका त्याने मागितलीच नाही. ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे उत्तर त्याला मिळालं, तरी तो वधस्तंभावरच मेला. ज्यांना लुटलं त्यांना काही परत करायला त्याच्याकडे ना हात मोकळे होते ना वेळ होता. होतं ते फक्त तोंड, आणि ते त्याने खरं बोलायला वापरलं.

येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) असाच अर्धवट सांगितला जातो. संध्याकाळी पाचला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली, तेव्हा शेवटी आलं तरी चालतं, असा लोक अर्थ काढतात. मालक त्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आपल्याकडे सकाळी मजूर नाक्यावर उभे राहतात, त्यांतल्या कोणालाच न बोलावल्यासारखे ते होते. सकाळी हाक आली असताना घरी झोपून राहिलेला आणि पाचला मजुरीपुरता आलेला माणूस त्या दाखल्यात नाहीच.

‘आयुष्यभर मजा करू आणि शेवटी माफी मागू’ हा हिशेब नवा नाही. चौथ्या शतकात कित्येक जण मुद्दाम बाप्तिस्मा लांबवत, कारण बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप घडलं तर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परत येण्याची वाट फार कडक होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्यूच्या तोंडावर बाप्तिस्मा घेतला. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता की धडधाकट असताना ज्याने पश्चात्ताप केला नाही आणि आजारपणात भीतीने केला, त्याला मंडळीत परत घेऊ नये. चर्चने शेवटी त्याच्या बाजूने कौल दिला नाही. ३२५ सालच्या निकाया परिषदेच्या तेराव्या नियमाने सांगितलं की मरणाऱ्याला शेवटचं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी) नाकारायचं नाही. ४२८ साली पोप सेलेस्टाइनने मरणाऱ्यांना पश्चात्तापाची संधी नाकारणाऱ्या बिशपांना चांगलंच खडसावलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. कोणाचा पश्चात्ताप खरा, हे खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचं म्हटलं तर त्याच्या हातून अन्यायच होईल.

पुढे वाटा फुटल्या. कॅथलिक शिकवणीत देवावरच्या प्रेमाने आलेला पश्चात्ताप आणि नरकाच्या भीतीने आलेला पश्चात्ताप यांत फरक केला आहे. १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं की भीतीतून आलेला पश्चात्ताप अपुरा असला तरी तो माणसाला पापनिवेदनाच्या संस्कारातून क्षमा घेण्यासाठी तयार करतो. शिवाय क्षमा मिळाली तरी पापाचे परिणाम भोगून शुद्ध होणं बाकी राहतं, ते मृत्यूनंतरही, असं ते मानतात. आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, आमच्याकडे ती मधली पायरी नाही. पण म्हणून प्रोटेस्टंटांकडे सगळं स्वस्त झालं असं समजू नका. १५१७ सालच्या पंचाण्णव प्रबंधांतला, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचा पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं, अशी ख्रिस्ताची इच्छा आहे.

तुम्ही विचारलंत, मग हिटलरच्या माणसांचंही तारण होईल का? त्याचं उत्तर नाझी नेत्यांना ठेवलेल्या न्यूरेंबर्गच्या तुरुंगात काही प्रमाणात सापडतं. तिथे हेन्री गेरेके नावाचे अमेरिकन ल्यूथरन पाळक कैद्यांची सेवा करत होते. रिबेनट्रॉप, कायटेल यांच्यासारख्यांना त्यांनी प्रभुभोजन दिलं, त्यासाठी लोकांचे शिव्याशाप सोसले. पण १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये फाशीच्या आदल्या रात्री हिटलरचा जवळचा सहकारी गोरिंग याने प्रभुभोजन मागितलं, तेव्हा गेरेकेंनी नाही म्हटलं. ख्रिस्त आपला तारणारा आहे हे गोरिंग मानत नव्हता. असला तर असू दे, एवढ्याच हिशेबाने त्याला तो विधी हवा होता. त्याच रात्री त्याने विष घेतलं. दार बंद केल्याचं दुःख गेरेकेंना नक्कीच झालं असेल, तरी मी त्यांच्या जागी असते तर हेच करायचं धैर्य देवाकडे मागितलं असतं.

दुसरा माणूस ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीचा कमांडंट रुडॉल्फ होस. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. १९४७ च्या एप्रिलमध्ये त्याने धर्मगुरूला बोलावून पापनिवेदन केलं, आपला अपराध लेखी कबूल केला आणि १६ एप्रिलला त्याला ऑशविट्झमध्येच फाशी दिलं. त्याचा पश्चात्ताप खरा असेल तर आमच्या शिकवणीप्रमाणे त्यालाही क्षमा आहे. हे लिहिताना हात अडखळतो. तरी मी ते खोडणार नाही, कारण होससाठी कृपेला सीमा घातली तर ती सीमा माझ्या अलीकडे आहे की पलीकडे, हे मला कोण सांगणार?

या विषयात काही जण भागवतातल्या पापी अजामिळाची आठवण काढतात. मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि सुटला, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. भागवतात तो त्या क्षणी मरत नाही. यमदूत परत जातात, तो स्वतःच्या आयुष्याकडे पाहून कळवळतो, गंगाद्वारी जाऊन साधना करतो आणि मग वैकुंठाला जातो. तिथे देवाच्या नामाचा महिमा आहे, आमच्याकडे ख्रिस्ताच्या मरणाचा. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण सुटकेनंतर वळलेलं आयुष्य तिथेही आहे.

आणि शेवटी वळू असं ठरवणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं. मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केलं, नंतर मंडळीतर्फे आजाऱ्यांना भेटायला जात राहिले. शेवटचे दिवस सिनेमातल्यासारखे नसतात. तोंडाला ऑक्सिजन असतो, औषधांची गुंगी असते, कितीतरी जण शेवटचा दिवस बेशुद्धीतच काढतात. शुद्धीत असतात तेही जन्मभर जे बोलले तेच बोलतात. हिशेब बोलणारा हिशेबच विचारतो. खाटेवर रडून प्रार्थना केलेले आणि बरे होऊन घरी गेल्यावर पाळकांना दारातूनच परत पाठवणारे मी पाहिले आहेत. आणि हात थरथरत असताना मुलाला जवळ बोलावून ‘त्या अमक्याची जमीन त्याची त्याला दे’ असं सांगणारेही पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारच्या माणसाबद्दल मला शंका उरत नाही.

आता त्या विणकर कुटुंबाबद्दल. दावीद राजाने आपल्याच सैन्यातल्या उरीयाला मारवलं, त्याची बायको घेतली. नाथान संदेष्ट्यापुढे त्याने पाप कबूल केलं तेव्हा नाथान म्हणाला, परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. पण त्याच भेटीत, त्याच तोंडाने त्याने हेही सांगितलं होतं की तुझ्या घराला तलवार कधी सोडणार नाही. देवाची क्षमा झाली म्हणून उरीयाचं देणं फिटलं नाही. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्टही (लूक १९) हेच सांगते. येशू आधी त्याच्या घरी गेला, कृपा आधी आली. मग जक्कय उभा राहून म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तर (गणना ५) पाप कबूल केल्यावर घेतलेलं परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, अशी स्पष्ट आज्ञा आहे.

म्हणून माझं मत असं की त्या दफनविधीत पाळकसाहेब अर्धंच बोलले. त्यांनी जे ऐकलं ते सांगायला हरकत नव्हती. ‘ते प्रभूजवळ आहेत’ हा निकाल देवावर सोडायला हवा होता आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांचं दुःख त्याच प्रार्थनेत मोठ्याने उच्चारायला हवं होतं. आणि त्या कुटुंबाकडे जाऊन ‘देवाने माफ केलं, आता तुम्हीही करा’ असं कोणीही म्हणू नये. त्यांची क्षमा त्यांची आहे. ती त्यांनी कधी द्यावी, हे ठरवायचा अधिकार ना पाळकांना आहे ना मला.

सावकाराने वेळ नसल्यामुळे परत केलं नसेल, तर घराची कागदपत्रं आता त्याच्या मुलांकडे असतील. वडील खरोखर वळले होते असं त्यांना वाटत असेल, तर वडिलांचं अर्धवट राहिलेलं काम त्यांचं आहे. तुमची त्या मुलांशी ओळख आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पाळकसाहेबांना बरोबर घेऊन त्यांच्याकडे जा, लूकचा एकोणिसावा अध्याय वाचा आणि कागदांबद्दल सरळ विचारा. सोबत कोणी हवं असेल तर कळवा, मी येते.