क्रूझ म्हणजे बोट नव्हे हो!

भुसावळहून एकांनी विचारलंय की शर्यतीलाही चालेल आणि लांबच्या वेगवान सफरीलाही, अशी शिडाची यॉट डिझाइन करतात, तिला रेसर-क्रूझर म्हणतात, तर मराठीत काय म्हणायचं आणि एका बातमीत 'शर्यतीची क्रूझ' असं वाचलं ते बरोबर का?

साफ चूक! क्रूझ म्हणजे सफर, ती बोट नाही. पण सांगणार कोणाला, आपल्याकडे चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर होडीतून चक्कर मारली तरी रीलवर 'क्रूझवर फुल धमाल'. हाई काय शे भाऊ!

यॉट म्हणजे हौसेच्या सफरीची किंवा शर्यतीची बोट, ते सोडा. मजा आहे ती व्युत्पत्तीत. हा शब्द डच, मूळ उच्चार 'याख्त'च्या जवळचा, अर्थ शिकार, पाठलाग. चाच्यांच्या मागे लागायला ज्या हलक्या, चपळ नावा असायच्या त्या याख्त. 1660 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमने अशी एक नाव इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला भेट दिली आणि राजाला नाद लागला, पुढच्याच वर्षी त्याने भावाशी शंभर पौंडांची पैज लावून थेम्सवर शर्यत केली, जाताना वारा उलटा होता तर हरला, येताना जिंकला. 'यात्रा' वरून यॉट झालं असं व्हॉट्सअ‍ॅपवर ठोकून देणाऱ्या विद्वानांनी हा डच 'ख' कुठून आला तेवढं सांगावं, मग बोलू.

आता माझा लाडका शब्द, क्रूझ. हाही डचच! त्यांच्याकडे क्रूसाला जो शब्द आहे त्यावरून हे क्रियापद आलं, म्हणजे समुद्रात आडवंतिडवं, फुली मारल्यासारखं फिरत राहणं. मूळ लॅटिन 'क्रुक्स', त्याचंच पोर्तुगीज 'क्रूझ', म्हणजे आपला क्रूस, तुमचं सांताक्रूझ आणि ही क्रूझ सगळी एकाच घरची. माझं तर म्हणणं आहे की शिडाच्या बोटीच्या सफरीला यापेक्षा चपखल शब्द नाही, कारण ती वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही, साधारण 45 अंश तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं, असं नागमोडी पुढे सरकायचं. चार्ल्स जाताना का हरला ते बघा, वारा समोरून, नुसतं आडवंतिडवं!

यॉटला 'विलासनौका' सुचवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. विलास कसला त्यात? रेसर-क्रूझर डिझाइन करणं म्हणजे शर्यतीच्या आणि औताच्या कामाला एकच बैलजोडी वापरण्यासारखं अवघड काम आहे. पाण्याखाली बुडालेल्या भागाची लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, तेवढे नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, हा नेहमीच्या जड बोटीचा साधारण कमाल वेग. म्हणजे 36 फुटांना आठ नॉट, ताशी जेमतेम 15 किलोमीटर. त्यापुढे जायचं तर बोट हलकी हवी, आणि सफरीला तर पाण्याची टाकी, स्वयंपाकाचा गॅस, नांगर सगळं लागतं. नांगराची 10 मिलिमीटरची साखळी 50 मीटर घेतली तरी वजन शंभर किलोच्या वर, आणि ठेवायची नेमकी नाळेत, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे बोट लाटेवर नाक खुपसायला मोकळी. म्हणून डिझायनर अशी वजनं ओढून बोटीच्या मध्याकडे आणतात.

हां, मराठी शब्द राहिला. 'शर्यत-सफरी यॉट' म्हणा. यॉटला मराठी शब्द शोधत बसू नका.