जुना 'नोस्फेरातू' की नवा? आधी तुमची प्रत तपासा

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत महिन्यातून एकदा तीस-पस्तीस जण वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा बघायला जमतात. मागच्या वेळी १९२२चा 'नोस्फेरातू' हा पिशाच्चाचा जर्मन मूकपट लावला, तर भीतीच्या जागांवर लोक हसले. आता २०२४च्या रिमेकशी त्याची तुलना करायची आहे. ती कशी करावी, आणि जुना सिनेमा आता निकामी झालाय का?

लोक हसले याचं खापर लगेच दिग्दर्शक मुर्नाउवर फोडू नका. वर्णनावरून तुमच्याकडे वाईट प्रत आली आहे आणि ती चुकीच्या पद्धतीने दाखवली गेली आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. शंभर वर्षांचा म्हातारा एका पायावर उभा करून त्याची पोराशी कुस्ती लावल्यासारखं होईल ते.

पहिली गोष्ट वेग. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम). बोलपट आल्यावर २४ चौकटी ठरल्या. १८च्या वेगाने घेतलेली फिल्म २४ने चालवली की सगळं एक-तृतीयांशाने जलद होतं आणि सिनेमातलं पिशाच्च काउंट ऑरलॉक दुडक्या चालीने गल्लीतून पळायला लागतो. लोक त्यालाच हसतात. जर्मनीच्या मुर्नाउ प्रतिष्ठानने जपून दुरुस्त केलेली २००६ची प्रत सुमारे ९४ मिनिटांची आहे. तुमची प्रत तास-सव्वा तासात संपली असेल तर ती एकतर पळवलेली आहे किंवा कापलेली, बहुतेक वेळा दोन्ही. चांगली प्रत मिळेनाच तर व्हीएलसीमध्ये वेग ०.७५ करा आणि आवाज बंद ठेवा, कारण सोबतचं संगीत रेंगाळायला लागतं. मात्र जंगलातली घोडागाडी आणि गाडीवर शवपेट्या रचण्याचा प्रसंग तरीही जलदच दिसेल. तो दोष नाही. तिथे मुर्नाउने मुद्दाम तसं केलं आहे, आणि घोडागाडीच्या प्रवासात तर निगेटिव्हच घातली आहे: पांढरी झाडं, काळं आकाश.

दुसरी गोष्ट रुंदी. या सिनेमाची चौकट चारास तीन आहे. प्रोजेक्टर किंवा टीव्ही 'फुल' अथवा 'वाइड'वर असला की ती ताणून सोळास नऊ होते, म्हणजे पुन्हा बरोब्बर एक-तृतीयांश. ऑरलॉक झालेल्या माक्स श्रेकची सगळी भीती त्याच्या काटकुळ्या उंचीत आणि लांब बोटांत आहे. ताणलेल्या चौकटीत तो बुटका, खांदे रुंदावलेला, पेढीवरच्या मुनीमजीसारखा दिसतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. 'पडदा वाया जातोय' असं कुणीतरी म्हणेलच, त्याचं ऐकू नका.

तिसरी गोष्ट रंग, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. हा सिनेमा नुसता काळा-पांढरा नव्हताच. त्या काळची फिल्म रात्रीच्या अंधारात बाहेर चित्रण करण्याइतकी संवेदनशील नव्हती. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी घेतले आणि फिल्मचे ते तुकडे निळ्या रंगात बुडवले. दिव्याच्या उजेडातल्या खोल्या पिवळसर, पहाट गुलाबी. हे रंग गेलेल्या प्रतीत ऑरलॉक भर दुपारच्या उन्हात शवपेटी काखोटीला मारून गावातून हिंडतो, आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो! प्रेक्षक हसणार नाही तर काय करणार? चाचणी सोपी आहे: तो पेटी घेऊन चालतो ते दृश्य काढा. निळं असेल तर प्रत कामाची, राखाडी असेल तर परत शोधा.

मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवरची नावंही बघा. मूळ पाट्यांत ऑरलॉक, त्याच्या किल्ल्यावर जाणारा हुटर, हुटरची बायको एलेन आणि त्यांचं विस्बोर्ग गाव आहे. तुमच्याकडे ड्रॅक्युला, नीना, ब्रेमेन असं असेल तर ती परदेशी पाट्या चिकटवलेली प्रत आहे. हा गोंधळ होण्याचं कारण असं. निर्मात्या प्राना फिल्मने ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क घेतले नव्हते, नुसती नावं बदलली. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स हिने दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या प्रती उरल्या. त्या कापल्या गेल्या, जोडल्या गेल्या, पुन्हा पाट्या लावल्या गेल्या. आज नेटवर फिरतात त्यातल्या बऱ्याचशा त्यांचीच नातवंडं-पतवंडं आहेत.

आता रंगाच्या मुद्द्यावरूनच नव्या सिनेमात शिरता येतं. १९२२ची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, तिला लाल रंग दिसतच नसे; ओठ काळे पडायचे, तांबूस कातडी गडद दिसायची. नव्या सिनेमाचा दिग्दर्शक रॉबर्ट एगर्स; त्याचा छायालेखक जॅरिन ब्लाश्के याने २०२४ मध्ये ३५ मिमी रंगीत फिल्म वापरली, पण चांदण्याच्या प्रसंगांत लाल प्रकाश गाळणारा फिल्टर लावला, त्यामुळे कातडीतलं रक्तच जणू निघून जातं. शंभर वर्षांपूर्वी जी अडचण होती ती यांनी पैसे मोजून परत आणली. दोन्ही सिनेमांतलं एकेक रात्रीचं दृश्य पाठोपाठ दाखवा. 'रिमेक म्हणजे काय' यावर अर्धा तास बोलण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

तुलना करताना 'कोण जास्त घाबरवतं' असं विचारू नका. त्यावर प्रत्येकजण आपली छाती किती इंच आहे तेवढं सांगतो. त्याऐवजी विचारा: ऑरलॉक या गावात का आला?

जुन्यात वरवरचं उत्तर सरळ आहे. तो रोग आहे. जहाज लागतं, उंदीर उतरतात, दवंडी पिटली जाते, दारांवर खडूच्या फुल्या पडतात, रिकाम्या रस्त्यातून शवपेट्यांची रांग जाते. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज पडू नये. १८९६ला मुंबईत प्लेग आला आणि पुढे आपल्या भागातही 'उंदीर पडला' म्हटलं की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालायचे. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर तो शब्द अजून कानावर येतो. तो ऐकलेल्या माणसाला जहाज बंदरात शिरतानाचं दृश्य कसं दिसतं बघा: कप्तान सुकाणूला बांधलेला, मेलेला, आणि जहाज कुणी न हाकता आवाज न करता आत सरकतंय. एगर्सने जहाजाचा भाग भरभर उरकला आहे. तिथे रिमेक सपशेल मागे पडतो.

नव्यात तो एलेनसाठी येतो. सुरुवातीलाच लहान वयातली एकटी एलेन कुणीतरी यावं म्हणून अंधारात विनवणी करते, आणि हा जागा होतो. आपल्याकडच्या हाकामारीचा नियम ठाऊकच आहे: रात्री दारात ओळखीच्या आवाजात हाक आली तरी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. इथे उलटं आहे. हाक मुलीने मारली आणि ओ त्याने दिली. म्हणूनच तो पुढे जबरदस्ती न करता तीन रात्रींची मुदत देतो. तिने स्वतः हो म्हणावं लागतं. एलेन झालेल्या लिली-रोज डेपचे झटके, वळवळ, वाकलेली पाठ बघून काहींना ते अती वाटतं. मला नाही वाटत. सगळा सिनेमा तिच्या अंगावर घडतोय, तर अंगच हललं पाहिजे.

पण ही कल्पना एगर्सच्या पदरची आहे असं समजून त्याला फार मोठं करू नका. जुन्यात दोन जागा आहेत. एक: किल्ल्यात ऑरलॉक झोपलेल्या हुटरवर वाकतो, आणि त्याच क्षणी दूर विस्बोर्गमध्ये झोपेत चालणारी एलेन हात पसरून ओरडते. मुर्नाउ दोन्ही दृश्यं आलटून पालटून जोडतो आणि ऑरलॉक मान वळवतो. त्याने ऐकलं! मध्ये कितीतरी कोसांचं अंतर, आणि मूकपटात आवाजसुद्धा नाही. दोन: एलेन नवऱ्याची वाट बघत समुद्रकाठी बसते. हुटर तर घोड्यावरून, जमिनीवरून येतोय. समुद्रातून येतोय तो दुसराच. 'तो येतोय' असं ती म्हणते तेव्हा कोण, हे सिनेमा सांगत नाही. नव्या सिनेमाची १३२ मिनिटं या दोन जोडांतून वाढली आहेत. चर्चेत हे दोन तुकडे आधी दाखवा, मग नव्याची सुरुवात दाखवा.

उलट बाजूने, नव्यातलं बोलणं फार आहे. विलेम डफोचा प्रोफेसर मजेदार आहे, पण तो येतो आणि सगळं समजावत सुटतो. जुन्यातला प्रोफेसर बुल्वर कीटकभक्षी वनस्पती दाखवतो आणि शेवटपर्यंत काही कामाचं करत नाही. हे लेखनातलं ढिसाळपण म्हणा हवं तर, परिणाम मात्र जबर आहे: शहाणी माणसं हजर आहेत आणि त्यांचा काही उपयोग नाही.

नव्या ऑरलॉकच्या मिशीवरून बरीच ओरड झाली, म्हणून एवढंच: स्टोकरच्या कादंबरीतल्या ड्रॅक्युलाला मिशी आहे. टकला, उंदरासारख्या दातांचा ऑरलॉक ही १९२२ची भर. उन्हाने पिशाच्च मरणं ही सुद्धा तिथलीच. कादंबरीत तो दिवसा हिंडतो. म्हणजे कोण 'मूळ' आणि कोण 'बदललेला' हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. नव्यात ऑरलॉक झालेल्या बिल स्कार्सगार्डने आवाज खूप खाली नेऊन काम केलंय आणि एगर्स किल्ल्यात त्याचा चेहरा बराच वेळ अंधारात ठेवतो. श्रेकला मुर्नाउ दाराच्या कमानीत सरळ उभा दाखवतो. एक लपवून भीती घालतो, दुसरा नीट दाखवून; दुसरं जास्त कठीण.

सावलीचा प्रयोग सभागृहातच करा. जिन्यावरून चढणारी सावली जुन्यात आहे. ऑरलॉक स्वतः चौकटीत नाही. नव्यात हाताची सावली अख्ख्या गावावरून सरकते. दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च भिंतीपासून तीन मीटरवर धरा आणि हात टॉर्चपासून तीस सेंटिमीटरवर. सावली दहापट होईल. हात पंधरा सेंटिमीटरवर आणला की वीसपट. टॉर्च एकच हवा. ट्यूबलाइट चालू राहिली किंवा दोन मोबाइल लागले की कडा विरघळतात. बोटं हळूहळू टॉर्चकडे झुकवली की तीच लांबत जातात. लोकांना एवढं दिसलं की तो जिन्याचा प्रसंग ते वेगळ्या डोळ्यांनी बघतील.

संगीत. हान्स एर्डमानचं मूळ संगीत बरंचसं हरवलं आहे, त्यामुळे प्रतींवरचं संगीत नंतर रचलेलं किंवा उरलेल्यातून पुन्हा जुळवलेलं असतं, आणि फुकटच्या प्रतींवर कुणीही काहीही चिकटवलेलं असतं. मिरज शेजारी असताना ते कशाला सोसायचं? एक तानपुरा आणि जमलं तर एक सारंगी पुरे. वादकाला सिनेमा आधी दोनदा दाखवा आणि सांगा की दचकवायचं नाही, जहाज शिरताना तर वाजवायचंच नाही. पाट्या मराठीत मोठ्याने वाचायला एकजण बसवा, अभिनय न करता. विष्णुदास भावेंच्या नाटकात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं पुढे वावरायची. १८४३ पासून सांगलीला ही रीत परकी नाही.

क्रम: नवा आधी, जुना नंतर. उलट वाटेल, पण गोष्ट माहीत झाली की पाट्यांचा कंटाळा येत नाही आणि डोळा चित्राकडे मोकळा राहतो. नवा मात्र प्रत्येकाने घरी बघावा. ओटीटीचं वर्गणीचं खातं सभागृहात दाखवण्याची परवानगी देत नाही. त्यासाठी वितरकाकडून वेगळा परवाना लागतो. १९२२चा मूळ सिनेमा आपल्याकडे हक्कमुक्त आहे (सिनेमाला ६० वर्षं), पण दुरुस्त प्रतीवर आणि तिच्या संगीतावर वेगळे हक्क असू शकतात, तेवढं विचारून घ्या. नव्यात नग्नता आणि रक्तपात भरपूर आहे, मुलांना आणू नका.

घरी बघणाऱ्यांना आधीच निरोप द्या: टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंद, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, खोलीत अंधार, मागे दिवा नाही. मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग आहेत. दुपारी खिडकी उघडी ठेवून बघाल तर निम्मा वेळ स्वतःचाच चेहरा दिसेल आणि मग 'फार अंधार आहे' अशी तक्रार येईल.

१९७९चा वेर्नर हेर्झोगचा रिमेक या बैठकीत घुसडू नका, तीन सिनेमे एका संध्याकाळी पचत नाहीत. पुढच्या महिन्यासाठी ठेवा. प्लेगने मरायला टेकलेलं गाव चौकात उंदरांच्या मध्ये टेबलं मांडून जेवतं आणि नाचतं, तो प्रसंग या दोघांत कुणालाच जमलेला नाही.