पावसाळी जॅकेट : वॉटरप्रूफ घ्यावे की वॉटर रिपेलंट?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि नोकरीसाठी रोज स्कूटरने हिंजवडीला जातो. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी सिंहगड, राजगड, तोरणा अशी भटकंती असते. यंदा नवे जॅकेट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एकावर ‘वॉटर रिपेलंट’ असे लिहिले होते, तर दुसऱ्यावर ‘वॉटरप्रूफ 10,000 मिमी’ आणि किंमत जवळजवळ तिप्पट. गेल्या वर्षी राजगड चढताना मी एका महागड्या वॉटरप्रूफ जॅकेटमध्येही आतून चिंब झालो होतो. मग जास्त पैसे मोजावेत तरी कशासाठी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रात खरे तर दोन प्रश्न आहेत. स्कूटरवरचा पाऊस आणि गडावरचा पाऊस यांच्यासाठी एकच जॅकेट घेण्याचा आग्रह धरला, की दोन्हीकडे पंचाईत होते.

वॉटर रिपेलंट कापडाच्या धाग्यांवर रसायनाचा अगदी पातळ लेप दिलेला असतो. त्यामुळे पाणी कापडावर पसरत नाही, त्याचे थेंब होऊन ते ओघळून जाते. धाग्यांमधल्या फटी मात्र उघड्याच राहतात. म्हणून शहरातली भुरभुर किंवा थोडा वेळ चालणारी रिपरिप हे कापड सहज निभावून नेते, पण जोराची सर आली, संततधार लागली किंवा सॅकच्या पट्ट्यांनी खांद्यावर दाब दिला, की त्याच फटींतून पाणी आत शिरते. वॉटरप्रूफ कापडाची रचनाच निराळी असते. त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा सलग थर तरी असतो किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांचा पापुद्रा चिकटवलेला असतो. अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉनच्या कुळातल्या पदार्थाला झटक्याने ताण देऊन जो सच्छिद्र पदार्थ मिळवला, त्यातूनच पुढे ‘गोर-टेक्स’ हा प्रसिद्ध पापुद्रा आला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान असल्याने पाऊस आत येत नाही, मात्र घामाची वाफ बाहेर जाऊ शकते.

‘10,000 मिमी’ हा आकडा पाण्याच्या दाबाचा आहे. प्रयोगशाळेत कापडाच्या एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उमटले, की त्या वेळचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत नोंदवतात. म्हणजे हे कापड 10 मीटर उंच स्तंभाचा दाब सोसते. पण हा आकडा कापडाचा आहे, जॅकेटचा नव्हे. शिवण घालताना सुईने पाडलेले प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते आणि ती आतून टेप लावून बंद केलेली नसेल, तर कापड कितीही भारी असले तरी उपयोग नाही. दुकानात म्हणूनच जॅकेट आधी उलटे करावे. खांदा, काख आणि टोपीच्या शिवणींवर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी सलग फिरलेली दिसते का, तिच्या कडा कुठे सुटल्या आहेत का, हे पाहावे. दुकानदार कापडावर पाणी शिंपडून ते ओघळताना दाखवतो, त्या प्रात्यक्षिकाने फक्त वरचा लेप नवा असल्याचे सिद्ध होते. तो दोन्ही प्रकारांवर असतो.

आता राजगडाबद्दल. आपले जॅकेट बहुधा गळत नव्हते. आपण घामाने भिजलात. वाफ कापडातून आपोआप बाहेर पडत नाही. आत उष्णता आणि बाष्प जास्त व बाहेर कमी असेल, तरच ती त्या दिशेने जाते. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. आषाढात सह्याद्रीत ढगच अंगावरून जात असतात, हवेत आणखी बाष्प मावायला जागा उरत नाही आणि हवा तितकीशी गारही नसते, त्यामुळे तो फरक बराच घटतो. जॅकेटवरच्या चिठ्ठीवर श्वसनक्षमतेचा, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडण्याच्या क्षमतेचा, आकडा 10,000 ग्रॅम असेल, तर तो दर चौरस मीटरला 24 तासांचा असतो. त्याला 24ने भागले, तर ताशी सुमारे 400 ग्रॅम उरतात आणि तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. खडी चढण चढताना ताशी 1 लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. हिशेब जुळत नाही, आणि तो किमतीने जुळवता येण्यासारखाही नाही.

मावळातल्या आवणकऱ्यांनी, म्हणजे भाताची लावणी करणाऱ्यांनी, हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. पाठीवर घेतलेले इरले पाऊस अडवते, पण ते अंगाला चिकटत नाही आणि पुढून व खालून मोकळे असल्यामुळे वाकून काम करतानाही वारा खेळता राहतो. गडाच्या वाटेवर सॅकसकट अंगावर घेता येणारा सैल पाँचो त्याच तत्त्वावर चालतो, म्हणून वारा नसेल तेव्हा मी त्याला महागड्या जॅकेटपेक्षा वरचे स्थान देईन. मात्र माथ्यावर किंवा अरुंद धारेवर सोसाट्याचा वारा असेल, तर पाँचो अंगावर घेऊ नये. तो फुगतो, पायांखालची वाट दिसेनाशी होते आणि तोल जाण्याचा धोका असतो.

तेव्हा माझे मत असे : चढताना लवकर सुकणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि त्यावर साधे वॉटर रिपेलंट विंडचीटर पुरे. अंग भिजेल, पण चालत असताना ते उबदार राहील. सुती कपडे टाळावेत, कारण ते पाणी धरून ठेवतात आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. वॉटरप्रूफ जॅकेट सॅकमध्ये ठेवून माथ्यावर, वाऱ्यात बसायची वेळ आली की घालावे. काखेत चेन असलेले मिळाले, तर तेच घ्या. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेला, तर कोणत्याही जॅकेटपेक्षा त्याचाच आधार जास्त वाटतो.

स्कूटरवर परिस्थिती नेमकी उलटी. तिथे घाम कमी आणि पाण्याचा मारा जास्त, त्यामुळे श्वसनक्षमतेसाठी पैसे घालवण्याचे कारण नाही. शिवणींना टेप असलेला साधा वॉटरप्रूफ सूट घ्यावा. बसल्यावर मांड्यांमध्ये पाण्याचे तळे साचते आणि ते बरोबर पँटच्या मधल्या शिवणीवर येते, म्हणून जॅकेटपेक्षा पँटची ती जागा अधिक बारकाईने तपासावी. पुढच्या चेनवर दुहेरी पट्टी हवी, नाहीतर समोरून येणारा पाऊस चेनच्या दातांमधून थेट छातीवर उतरतो.

प्रश्न : माझ्या जॅकेटवर पूर्वी पाणी थांबत नसे, आता कापड ओले होऊन जड होते. ते बाद समजावे का? धुतल्याने लेप निघून जातो म्हणून मी ते कधीच धुतले नाही.
— एक वाचक, औंध

उत्तर : न धुणे हेच बहुधा कारण असावे. घाम, तेल आणि धूळ लेपावर बसली, की पाणी पसरू लागते. सौम्य द्रव साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नका आणि भरपूर पाण्यात खळबळून काढा. जॅकेटवरच्या चिठ्ठीवर इस्त्रीची परवानगी असेल, तर वाळल्यावर मध्ये सुती फडके ठेवून मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने लेप पुन्हा कामाला लागतो. तरीही थेंब धरत नसतील, तर फवारायचा नवा लेप बाजारात मिळतो. पूर्वीच्या लेपांमध्ये फ्लोरिनयुक्त रसायने असत आणि ती निसर्गात नष्ट होत नसल्याने अनेक उत्पादक आता ती वगळत आहेत. नवे लेप पाणी चांगले झटकतात, तेल मात्र तितकेसे नाही, त्यामुळे अशी जॅकेटे अधिक वेळा धुवावी लागतात.

प्रश्न : जुन्या रेनकोटचे आतले अस्तर चिकट झाले आहे आणि पांढरे पापुद्रे सुटत आहेत. दुरुस्त होईल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नाही. ते अस्तर नसून पॉलियुरेथेनचा थर आहे आणि दमटपणाने त्याचे विघटन झाले आहे. त्यावर फवारा मारून काही होत नाही. नव्या रेनकोटच्या बाबतीत एवढे करा, की ओला असताना तो घडी घालून डिकीत कोंबू नका, आणि पावसाळा संपल्यावर पूर्ण वाळवून, सावलीत, हँगरला सैल टांगून ठेवा.