पहाटेची धाव आणि मध्यरात्रीच्या बातम्या

प्रश्न : माझे वय ५८ असून मी नागपूरला राहतो. सकाळी सेमिनरी हिल्स ते फुटाळा या रस्त्याने मी नियमित धावतो. माझा मुलगा नोकरीनिमित्त दोह्याला असतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आम्ही दोघांनी एकत्र धावायचे ठरवले आहे. परंतु एप्रिल संपताच माझा वेग घसरला आणि नेहमीचे दहा किलोमीटर संपवताना फार धाप लागू लागली. त्यातच आखातातील बातम्यांमुळे झोप मोडते. जून २०२५ मध्ये कतारचे हवाई क्षेत्र बंद झाले, त्या रात्रीपासून डोळे उघडताच फोन पाहण्याची सवय जडली, ती गेलेली नाही. अनेकदा बातम्या वाचता वाचता सात वाजतात. मग राहिलेले धावणे मी संध्याकाळी भरून काढतो. पाऊस येईपर्यंत धावणे बंदच ठेवावे का? मुलगा म्हणतो की दोह्यात राहून त्याला उष्म्याची सवय झाली आहे. हे खरे मानावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : धावणे बंद ठेवू नये. मात्र पावसाळा लागेपर्यंत वेगाचा आणि किलोमीटरचा हट्ट सोडावा, आणि संध्याकाळचे भरपाईचे धावणे आजपासूनच थांबवावे. उन्हाचा त्रास आणि बातम्यांचा त्रास हे आपण दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहिले आहेत, पण दोन्हींचा भार एकाच शरीरावर पडत असल्यामुळे योजनाही एकच आखावी लागेल.

सपाटीवर धावताना दर किलोमीटरला शरीर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करते. आपले वजन सत्तर किलो धरले तर दहा किलोमीटरला सुमारे सातशे किलोकॅलरी लागतात आणि त्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक भाग निव्वळ उष्णता म्हणून बाहेर पडतो. एक लिटर घाम त्वचेवरच वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे मे महिन्यात, हवा त्वचेइतकीच तापत आलेली असताना, आपल्या नेहमीच्या फेरीसाठी जवळपास लिटरभर घाम येऊन तो वाळावा लागतो. त्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, घामामुळे रक्तातील पाणीही घटते आणि थंडीतला वेग राखायचा तर हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. त्यामुळे वेग घसरणे हे तब्येत खालावल्याचेच लक्षण आहे असे समजू नये. छातीत दुखणे, दडपण येणे किंवा चक्कर येणे असे काही सोबत असेल तर मात्र ही कारणमीमांसा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यात धावण्याविषयी त्यांच्याशी बोलून घेणे आवश्यकच आहे.

आता चिरंजीवांच्या दाव्याविषयी. उष्म्याची सवय शरीराला खरोखर लागते आणि ती साधारण दहा ते चौदा दिवसांत लागते : रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या आठवड्यातच वाढते, घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते. पण ही सवय त्या हवेत रोज तासभर घाम गाळणाऱ्याला लागते, त्या शहराचा पत्ता असणाऱ्याला नव्हे. वातानुकूलित घरातून वातानुकूलित गाडीने वातानुकूलित कचेरीत जाणाऱ्या माणसाचे शरीर दोह्याच्या हवेला फारसे भेटतच नाही. शिवाय नागपूरचा उष्मा कोरडा, तर दोह्याचा समुद्राकाठचा आणि दमट. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि शरीर निवते. दमट हवेत तो ठिबकून जमिनीवर पडतो, आणि ठिबकलेला घाम काहीही थंड करत नाही. २०१९च्या जागतिक मैदानी स्पर्धेत दोह्यातील महिलांची मॅरेथॉन २७ सप्टेंबरला रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू करण्यात आली, तरीही निघालेल्या ६८ जणींपैकी २८ जणी शेवटपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या आणि सूर्य मावळून कितीतरी तास लोटले होते. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर मजुरी करून घेण्यास कायद्याने बंदी आहे, हेही चिरंजीवांना ठाऊक असेलच. त्यांनी जून ते ऑगस्ट लांब पल्ल्याचे धावणे ट्रेडमिलवर, समोर पंखा लावून करावे आणि साताऱ्याच्या शर्यतीतील यवतेश्वर घाटासाठी लागणारा चढ त्याच यंत्रावर मिळवावा.

आपल्याला स्वतःसाठी चढ शोधण्याची गरज नाही, सेमिनरी हिल्स हाताशीच आहे. मे महिन्यात नागपूरला साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि दिवसातील सर्वांत कमी तापमान त्याच वेळी असते. तेव्हा पावणेपाचला निघून सहाच्या आत परत यावे. अंतर न मोजता वेळ मोजावा : चाळीस ते पन्नास मिनिटे, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने, आणि चढावर दम लागला तर बिनदिक्कत चालत. संध्याकाळ आणि पहाट यांना एकच भाव लावू नये. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता आणि भिंती सूर्यास्तानंतरही उष्णता सोडत राहतात. मेअखेरीस येणाऱ्या नवतप्याच्या दिवसांत तर रात्री नऊलाही झळा लागतात, हे विदर्भातल्या माणसाला मी सांगावे असे नाही. चुकलेली सकाळ चुकलीच असे मानून पुढच्या सकाळची वाट पाहावी. दोन-तीन दिवस खंड पडल्याने उष्म्याची लागलेली सवय जात नाही, ती ओसरायला काही आठवडे लागतात.

पाण्याच्या बाबतीत कोरड्या हवेचा धोका वेगळा आहे. घाम अंगावरच वाळून जात असल्याने तो किती गेला हे कळत नाही, बनियनवरचे मिठाचे पांढरे डाग तेवढे दिसतात. धावण्याआधी आणि नंतर, कमीत कमी कपड्यांत, वजन करून पाहावे. एक किलोची घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी, आणि ही घट वजनाच्या दोन टक्क्यांपुढे जाऊ नये. परतल्यावर मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा आंबील उत्तम. मिठाच्या गोळ्या घेऊ नयेत. तहान नसताना लिटरच्या लिटर साधे पाणीही पिऊ नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. क्षारसंजीवनी (ओआरएस) हवी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली पुडी औषधाच्या दुकानातून घ्यावी. ओआरएस असे नाव मिरवणारी गोड पेये बाजारात इतकी माजली होती की भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाला ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या नावाच्या वापराला मनाई करावी लागली. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा भाजीत घालावा, तो धावताना काही उपयोगाचा नाही.

बातम्यांचा भाग मला याहून कठीण वाटतो, कारण आपली चिंता निराधार नाही. ज्याचा मुलगा तिथे आहे त्याला ‘बातम्या पाहू नका’ असे सांगणे हा सल्ला नव्हे. तरीही २३ जून २०२५ची ती रात्र घड्याळ समोर ठेवून पुन्हा पाहू. दोह्याचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, आणि वॉशिंग्टनचे उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. इराणने कतारमधील अल उदैदच्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सुमारे दहा वाजले होते. हवाई क्षेत्र त्याच्या थोडे आधी बंद झाले होते, ते काही तासांनी उघडले. या हल्ल्यात कतारमध्ये कोणी दगावले नाही, आणि ट्रम्प यांनी इराण-इस्रायल युद्धविरामाची घोषणा केली ती आपल्या पहाटे साडेतीनच्या सुमारास. दहा वाजता मुलाशी बोलून, तो सुखरूप असल्याची खात्री करून झोपलेल्या माणसाला पहाटे उठल्यावर हा सारा घटनाक्रम एका परिच्छेदात वाचायला मिळाला असता. रात्रभर जागलेल्या माणसाला त्याहून अधिक काही कळले नाही, उलट मधल्या तासांतील खोट्या चित्रफिती आणि अफवा तेवढ्या पदरात पडल्या. आखातातील रात्र आणि वॉशिंग्टनची दुपार ही नेमकी आपल्या झोपेच्या वेळेला येते, हा भूगोलाचा दोष आहे. त्यावर इच्छाशक्तीपेक्षा व्यवस्था अधिक उपयोगी पडते.

ती व्यवस्था अशी करावी. मुलाने रोज झोपण्यापूर्वी ठरलेल्या वेळी एक ओळीचा निरोप पाठवावा आणि भारतीय दूतावासाच्या सूचना त्याने स्वतः पाहाव्यात. आपल्या फोनवर रात्री फक्त त्याच्या आणि सूनबाई असल्यास त्यांच्या क्रमांकाची घंटा वाजेल अशी सोय करता येते. बाकीचे सर्व मुके ठेवावे. खरोखर काही घडले तर आपल्याला वृत्तवाहिनीच्या आधी मुलाकडूनच कळेल. सकाळी उठून त्याचा फोन आलेला नाही एवढे पाहावे आणि बूट चढवावेत. बातम्या परतल्यावर, अंघोळ आणि नाश्ता झाल्यानंतर, शक्यतो छापील वर्तमानपत्रात वाचाव्यात. हवामानाच्या बातम्यांनाही हाच न्याय लावावा : ३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर फिरली, आणि नंतर हवामान खात्याने ती त्या स्वयंचलित केंद्रातील बिघाडामुळे आलेली चुकीची नोंद असल्याचे सांगितले.

बातम्या धावण्याआधी न वाचण्याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दीड तास डोके शिणवणारे काम करून सायकल चालवायला बसलेली माणसे एरवीपेक्षा लवकर थकून थांबली, आणि विशेष म्हणजे त्यांच्या हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या कामात त्यामुळे अडचण आलेली दिसली नाही. तोच श्रम त्यांना जड वाटत होता, इतकेच. पहाटे तासभर युद्धाच्या बातम्या वाचून रस्त्यावर उतरणाऱ्याची अवस्था याहून फार निराळी नसावी असे मला वाटते. झोप पाच तासांहून कमी झाली असेल त्या दिवशी धावू नये, अर्धा तास चालून यावे. हा नियम आदल्या रात्रीच ठरलेला असावा, म्हणजे सकाळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही. आठवड्यातून अनेक रात्री झोप अशीच मोडत राहिली, तर त्यावर धावणे हा उपाय समजू नये. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात काहीही कमीपणा नाही.

एक गोष्ट सोबत्यांनाही सांगून ठेवावी. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम असला तरी समजावा. त्याला सावलीत घेऊन भरपूर थंड पाणी ओतावे, मानेवर आणि काखेत बर्फ ठेवावा, वारा घालावा, आणि हे चालू ठेवूनच १०८ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न : मी ठाण्यात राहते आणि येऊरच्या रस्त्यावर धावते. इथे पारा ३५ अंशांवर असतानाही नागपूरकरांपेक्षा जास्त त्रास होतो, हे माझे मानणे चूक आहे का? शिवाय युद्धाच्या, उद्ध्वस्त शहरांच्या बातम्या रोज येत असताना आपण वेळेत दोन मिनिटे कमी करण्याच्या मागे लागलो आहोत, याची लाज वाटते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचे मानणे बरोबर आहे. हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांच्या खाली उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही, पण किनारपट्टीवर ही मर्यादा ३७ अंशांची आहे. दोन्हीकडे सरासरीपेक्षा किती वाढ झाली हेही पाहिले जाते. वर दोह्याविषयी लिहिलेले बहुतेक सारे ठाण्यालाही लागू आहे. घराजवळच्या लहान फेऱ्या माराव्यात, म्हणजे कधीही थांबता येते, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईपर्यंत वेळेचे उद्दिष्ट लांबणीवर टाकावे.

लाजेविषयी एवढेच लिहितो. पुण्या-मुंबईचे अनेक धावपटू ज्या कॉम्रेड्स शर्यतीसाठी दक्षिण आफ्रिकेला जातात, ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली. युद्धावरून परतलेल्या विक क्लॅपम यांनी ती सुचवली, आधी त्यांना नकार मिळाला आणि २४ मे १९२१ रोजी ती पहिल्यांदा झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ ती बंद ठेवावी लागली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. तुम्ही न धावल्याने कोणाही युद्धग्रस्ताचे भले होणार नाही. काही करावेसे वाटत असेल तर मदतकार्य करणाऱ्या एखाद्या विश्वासू संस्थेला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. दोन मिनिटे कमी करण्याचा विचार मात्र पावसाळा सुरू झाल्यावर, जुलैमध्ये करावा.