गिअरबॉक्स उतरवण्याआधी अर्थिंग बघ

भावा, जुन्या ट्रकचा गिअर अडकतोय म्हणून लगेच गिअरबॉक्स खाली घेऊ नको. आधी मल्टिमीटर काढ.

बेळगाव-गोव्याच्या जांबोटी-चोर्ला मार्गे पावसात फिरणाऱ्या गाड्यांत माझा पहिला संशय इंजिन-चासीमधल्या अर्थ पट्टीवर, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या पट्टीवर असतो. चिखल बसतो, बोल्टखाली गंज धरतो, आणि वरून पट्टी धडधाकट दिसते. गाडी न्यूट्रल करून चाकांना उटी लाव. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गिअरबॉक्सच्या कवचाला धर आणि हेल्परला स्टार्टर मारू दे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर बॅटरी सोडवून पट्टी काढ, दोन्ही टोकं चकचकीत घास.

का? स्टार्टरचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधतोच. पट्टी खराब असली की तो गिअरच्या केबलमधून जातो. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, गिअर जड होतो. मी नवखा असताना असाच एक गिअरबॉक्स उतरवला होता. आत काहीच नव्हतं. मालक अजून चिडवतो.

गिअरची हाय-लो रेंज सोलेनॉइडवर, म्हणजे करंटने उघडणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर चालत असेल तर हवेचा दाब बघ, मग करंट. सोलेनॉइडला 24 व्होल्ट येतात का हे प्लग जोडलेला असतानाच, मागून मोज. उघड्या प्लगवर एका धाग्यावर तगलेली तारसुद्धा पुरे 24 दाखवते, लोड आला की मान टाकते.