वाचकांचे प्रश्न : बागेत नेलं, पुढे काय?

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी त्याला सोसायटीच्या बागेत नेते. ‘हे बघ फूल, तो बघ पक्षी’ असं सांगत राहते, पण तो दोन मिनिटंही थांबत नाही, नुसता पळतो. या वयात निरीक्षण जमतं का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : जमतं, आणि मोठ्यांपेक्षा बारकाईने जमतं. फक्त अख्खी बाग त्याला एका वेळी झेपत नाही, आणि सतत कानावर सूचना पडल्या की बघणं राहून जातं. आधी १०-१५ मिनिटं मनसोक्त पळू द्या. दिवसभर घरात असलेलं मूल आल्या आल्या बसणार नाही. दमून रेंगाळू लागला की सुतळी काढा.

दोन मीटर सुतळीची टोकं गाठ मारून जोडा. जमिनीवर मांडली की साधारण दोन फुटांचा गोल होतो. तो कापलेल्या हिरवळीवर मांडू नका; तिथे बघण्याजोगं फार काही सापडत नाही आणि मूल लगेच उठतं. झाडाच्या बुंध्याशी, सावलीत, थोडी ओल नि पडलेला पाला असेल अशी जागा घ्या. आधी स्वतः काडीने पाला हलवून विंचू, गोम, काच, लाल मुंग्या नाहीत ना, ते पाहा. मग ‘या गोलात कोण राहतं बघू’ एवढंच म्हणा आणि त्याच्या शेजारी उकिडवे बसा. मोठं माणूस उभं राहिलं की मुलाला निघायची वेळ झाल्यासारखं वाटतं.

सुरुवातीला तो तुमच्याकडेच बघेल. बोलू नका. काहीच हालचाल नसेल तर चिमूटभर साखर किंवा रवा टाका. मुंगी जड कण ओढताना उलटी चालते. काडी आडवी आली की कण सोडते, वळसा घालून येते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा धरते. एवढ्यावर मूल चार-पाच मिनिटं रमतं, आणि या वयाला तेवढं भरपूर आहे. नाव सांगायची घाई नको. ‘हा मुंगळा’ म्हटलं की बरेचदा मुलाच्या लेखी विषय संपतो. त्याने विचारलं तर जरूर सांगा. तुम्हीच विचारणार असाल तर ‘ती कुठे चाललीय?’ असं विचारा, म्हणजे उत्तर तिथेच बघून सापडेल. ‘पाय किती?’ ही परीक्षा झाली. फोटोही काढू नका. फोन दिसताच मूल मुंगी सोडून तुमच्याकडे बघून हसतं.

भिंग द्यायचं तर प्लास्टिकचं, दोन-तीन पट मोठं दाखवणारं द्या. मुलं ते कुठेही धरतात आणि सगळं धूसर दिसलं की फेकून देतात. भिंग आधी पानाला टेकवायचं आणि हळूहळू वर उचलायचं, हे हाताला हात लावून दोनदा करून दाखवा. भिंगातून सूर्याकडे कधीच बघू द्यायचं नाही. उन्हात वाळक्या पाल्यावर ते विसरूही नका, पाला पेटू शकतो.

प्रश्न : बालवाडीत १८ मुलं, एक मदतनीस आणि अंगणात एकच कडुनिंब. एवढ्यात काय करता येईल? – एक बालवाडी शिक्षिका, नगर

उत्तर : एक कडुनिंब पुरतो, १८ मुलं एकदम घेणं मात्र जमत नाही. रोज सहाच जणांना झाडाखाली घ्या, बाकीची मदतनिसांजवळ मातीत खेळू द्यात. तीन दिवसांत सगळ्यांची पाळी येते. गोल करून बसवा आणि आवाज ऐकण्याचा खेळ घ्या. मूठ मिटून बसायचं, नवा आवाज ऐकला की एक बोट उघडायचं, तोंडाने काही बोलायचं नाही. हा नियम पाळला नाही तर एक जण ‘कावळा!’ ओरडतो आणि मग सगळे ओरडतात. पहिल्या दिवशी अर्धं मिनिटच. आठवडाभराने एक मिनिट. डोळे मिटायची सक्ती नको, उघड्यावर काही मुलं घाबरतात. त्याऐवजी कानांमागे हाताची ओंजळ धरायला सांगा. आवाज मोठा होतो आणि हातांनाही काम मिळतं. रिक्षाचा हॉर्न ऐकला तर तोही मोजायचा. ऐकणं खरं आहे, मग आवाज कशाचाही असो.

प्रश्न : पावसाळ्यात चार वर्षांच्या नातीला परड्यात नेऊ का? हात कशाला लावू द्यायचा नाही? – एक आजी, रत्नागिरी

उत्तर : जरूर न्या, विजा नसताना आणि पायांत बंद बूट घालून. गोगलगाय पानाने उचलून डब्याच्या पारदर्शक झाकणावर ठेवा आणि झाकण खालून दाखवा : पोटावरून एकामागून एक लाटा सरकताना दिसतात. गोगलगायीला हात लावायचा नाही, आणि घरी आल्यावर साबणाने हात धुवायचेच.

गुंजेच्या लाल-काळ्या बिया, एरंडाच्या बिया, कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. ‘तोंडात नको’ एवढं चार वर्षांच्या मुलीला सांगून भागत नाही. ती झाडं परड्यात कुठे आहेत ते आधी तुम्ही बघून ठेवा. बी चावलीच तर तोंडातलं काढा, उलटी करवू नका आणि तशीच एक बी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. खाजकुइलीच्या शेंगा आणि केसाळ सुरवंट यांपासूनही लांब ठेवा. सुरवंटाची कुसं लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग पाण्याने धुवा.