ओईटी पास होशील गं, पण आधी 'सोअर' म्हणजे काय ते ऐक

उदगीरहून तू विचारलंस: ताई, इंग्लंडला स्टाफ नर्स म्हणून यावं का, लेकराला सोबत आणावं का, एकटं वाटतं का, आणि पेन, हर्ट, सोअर, 'हेडेक'मधलं ते 'एक' (ache) यांत गोंधळ होतो तो तिथं नडेल का. ओईटी ही नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, एनएमसीची म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलची फी, सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, ओस्की ही प्रात्यक्षिकाची, व्हिसा हे सगळं सरकारी साइटवर आहे, एजंटही तोंडपाठ म्हणून दाखवेल. ते मी लिहीत बसत नाही.

शब्दांचं आधी. परीक्षेत निभावतं, वॉर्डात नडतं. 'एक' म्हणजे मंद, एकसारखं, बराच वेळ राहणारं दुखणं. हेडेक, टूथेक, इयरेक, बॅकेक, स्टमकेक, अशा मोजक्याच जागांना तो शब्द चिकटतो. गुडघ्याला नाही, घशाला नाही. गुडघा 'हर्ट्स', घसा 'सोअर'. आणि हार्टेक म्हणजे प्रेमभंग वगैरे. छातीत दुखत असेल तर चेस्ट पेन. नोट्समध्ये हार्टेक लिहिलंस तर डॉक्टर आधी हसेल, मग पळत येईल.

सोअर म्हणजे हुळहुळलेलं, हात लावला किंवा हललं की दुखणारं. इंजेक्शनची जागा, किंवा पहिल्या दिवशी खुरपून आल्यावर मांड्या होतात तसं. पण ग्लासगोकडचा माणूस साध्या डोकेदुखीलाही 'सोअर हेड' म्हणतो. आमच्याकडं असे एक आजोबा होते. केरळहून नवीन आलेली पोरगी त्यांचे पांढरे केस सारून सारून जखम शोधायली, आणि आजोबा बिचारे निमूट मान खाली घालून बसलेले. त्यांना पाहिजे होती पॅरासिटामॉल.

'माय बॅक हर्ट्स' म्हणजे पाठ दुखते, कशानं ते माहीत नाही. 'आय हॅव हर्ट माय बॅक' म्हणजे उचलताना-वाकताना काहीतरी करून घेतलंय. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देताना, हा फरक लागतो. नुसतं 'आय ॲम हर्ट' म्हणाला तर अंगाला लागलं की मनाला, ते पुढच्या वाक्यात कळेल. इंजुरी बहुतेक अपघातातली. वूंड हत्याराचा घाव, लढाईतला, पण वॉर्डात ऑपरेशनची टाके घातलेली जागाही वूंडच. 'पेनिंग' मात्र विमानतळावरच सोडून ये. आपण सगळे बिनदिक्कत 'लेग इज पेनिंग' म्हणतो. इथं लोकांना ते समजतं, पण कानाला खटकतं.

१९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी दुखण्याचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली केली. ती बघून घाबरू नको. ठणकतं ते थ्रॉबिंग, चमक निघते ते शूटिंग, चुरचुरतं ते स्टिंगिंग, भगभगतं ते बर्निंग, मुरडा येतो ते क्रॅम्पिंग. तुझ्या आजीला हे सगळं येतं, तिला कुणी फॉर्म दिला नाही एवढंच.

यापेक्षा अवघड म्हणजे इथली म्हातारी माणसं दुखणं कमी करून सांगतात. 'अ बिट अनकंफर्टेबल' म्हणाले की त्यांचा चेहरा बघ, नाडी बघ. हार्ट अटॅकचे कितीतरी पेशंट पेन हा शब्दच काढत नाहीत. जड वाटतंय, आवळल्यासारखं होतंय, अपचन झालंय, असं म्हणतात. 'पेन आहे का' विचारलं की 'नाही' म्हणतात, आणि त्यांच्या मते ते खरंच असतं. म्हणून टाइटनेस, प्रेशर, हेवी हे शब्द तू स्वतःहून विचारायचे. आपल्याकडं 'मेलो गं माय' म्हणून खाटेवर लोळणारा निदान कळतो तरी.

हे सगळं पेशंटवर चालतं. माझ्या आईवर चालत नाही. तिचा गुडघा लातूरला बदलला तेव्हा मला रजा मिळाली नाही, भावजयीनं सगळं केलं. मी व्हिडिओवर विचारलं, "माय, दहापैकी किती दुखायलंय?" ती म्हणाली, "तू कवा येनार हाईस?" मी परत विचारलं. तर तोंड फिरवून भावजयीला म्हणाली, "हिला सांग, दोन." ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा गुडघा, आणि दोन.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं. ड्युटी लागली की वेळ मिळत नाही. पुढचं सांगते.

लेकराला आणायचं तर मन घट्ट करून आण. इथं वर्ग वयावर ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या हिशोबानं. तिकडं कितवी पास झाला याला किंमत नाही. आमचा लातूरला इंग्लिश मीडियमला होता. सोयाबीनचा पैसा आला की पहिली त्याची फी जायची, मग बाकीचं घर. आणि इथल्या शाळेनं त्याला 'घरची भाषा इंग्रजी नसलेली मुलं' या यादीत टाकलं. टाकू दे. पण एकदा त्याचा कान दुखायला लागला. बाईंना म्हणाला, "माय इयर इज पेनिंग मी." बाईंनी त्याच्याकडून वाक्य दुरुस्त करून घेतलं, दोनदा म्हणायला लावलं, आणि जागेवर बसवलं. रात्री कानातून पाणी आलं. कान बरा झाला. शाळेला मी मोठा ईमेल लिहिला, तो अजून ड्राफ्टमध्येच आहे. नाइटहून आल्यावर झोप आली नाही की उघडते, एखादा शब्द बदलते, बंद करते. पोरगा आता माझंच इंग्रजी दुरुस्त करतो, तेव्हा मी त्याच्यावर उगाच खेकसते. मी पुन्हा निघाले तर त्याला आणीन का? आणीन. तरी तो ईमेल पुसवत नाही.

कागदांचं एकच सांगते. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर नावात एक 'ए' जास्त, नर्सिंगच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. तिन्ही बाया एकच, हे पटवायला ॲफिडेव्हिट केलं. एका कचेरीतल्या साहेबांनी ते हातात न घेता सांगितलं, राजपत्र आणा. राजपत्र नेलं, तर म्हणाले, लग्नाचं सर्टिफिकेट कुठंय? लग्न गावात, मांडवात, नोंद कुणी केली होती? पुन्हा ग्रामपंचायत, पुन्हा रात्रीची गाडी. तिसऱ्या खेपेला तेच साहेब रजेवर, आणि त्यांच्या जागच्या मुलीनं काही न विचारता शिक्का मारला.

यावं का हे मला विचारू नको, मी येऊन बसलेली बाई आहे. लग्नाची नोंद केलेली नसेल तर नवऱ्याला या सोमवारीच ग्रामपंचायतीत पाठव, ग्रामसेवक भेटेपर्यंत उठू नको म्हणावं. आणि ओईटीच्या स्पीकिंगची तयारी झाली की फोन कर, सरावासाठी मी पेशंट बनते.